‘४१ मीटरवर लागतं’ : हे मीटर कशाचे?

प्रश्न असा आहे : जुने श्रोते ‘सिलोन (रेडिओ सिलोन) ४१ मीटरवर लागायचं’ म्हणतात; आकाशवाणीच्या मुंबई केंद्राचे निवेदक ‘५३७.६ मीटर्स अर्थात ५५८ किलोहर्ट्झवर’ असे दोन आकडे सांगत. हे मीटर कशाचे, आणि एकाच केंद्राला दोन आकडे कशाला?

मीटर लांबीचेच. लहरीच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे अंतर, म्हणजे तरंगलांबी. दुसरा आकडा वारंवारतेचा (मराठी विश्वकोशात ‘कंप्रता’), म्हणजे सेकंदाला किती कंपने त्याचा. एकावरून दुसरा काढायचा तर ३,००,००० ला किलोहर्ट्झने भागायचे. पुण्याचे ७९२ म्हणजे ३७८.८ मीटर, नागपूरचे ५८५ म्हणजे ५१२.८. प्रकाशाचा वेग खरे तर सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर आहे. तो काटेकोर घेतला तर मुंबईच्या ५५८ चे ५३७.३ मीटर होतात. निवेदकाचे ५३७.६ ऐकूनच कळते की भागाकार गोल आकड्याने केलेला आहे.

मीटर आधी आले याला कारण आहे. रेडिओ लहरी प्रयोगाने दाखवणाऱ्या हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७-८८ मध्ये खोलीत जस्ताच्या पत्र्यावर लहरी परतवून स्थिर लहरी तयार केल्या आणि त्यांच्यातली अंतरे मोजली. अंतर मोजता येत होते. सेकंदाला लक्षावधी कंपने थेट मोजायला साधन नव्हते. त्यामुळे बिनतारी संदेशवहनाची सारी भाषा मीटरची झाली. १९०६ च्या बर्लिन परिषदेने जहाजांच्या संदेशांसाठी ३०० आणि ६०० मीटर ठरवून दिले. पुढे संकटसंदेशासाठी प्रसिद्ध झालेले ५०० किलोहर्ट्झ म्हणजेच ते ६०० मीटर.

‘लघुलहरी’तला लघुपणाही तेव्हाचाच. ४९ मीटरच्या लहरीला आज कोणी आखूड म्हणणार नाही, पण तेव्हा कामाच्या लहरी शेकडो-हजारो मीटरच्या होत्या. अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने हौशी मंडळींना (घरच्या घरी छंद म्हणून रेडिओ संदेश पाठवणाऱ्यांना) २०० मीटरच्या खाली ढकलले, कारण तिथे काही हाती लागणार नाही अशी समजूत होती. नोव्हेंबर १९२३ मध्ये याच हौशींनी सुमारे ११० मीटरवर अमेरिका-फ्रान्स दुतर्फा संपर्क साधला. समजूत मोडली, नाव मात्र राहिले.

केंद्रे वाढली तसे मीटर गैरसोयीचे झाले. दोन केंद्रांची टक्कर ठरते ती वारंवारतेतल्या फरकावर : फरक १ किलोहर्ट्झ असेल तर संचात १ किलोहर्ट्झची शिट्टी ऐकू येते, मग डायलवर कुठेही असा. मीटरमध्ये हा हिशेब बसत नाही. ५३१ ते ५४० किलोहर्ट्झ हे ९ चे अंतर मीटरमध्ये साडेनऊच्या आसपास भरते. १५९३ ते १६०२ हेच ९ चे अंतर जेमतेम १ मीटर. मग केंद्रांना जागा वाटणार कशी? १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेच्या तक्त्यात किलोसायकल आणि मीटर शेजारी शेजारी आले आणि निवेदनातली दुहेरी पद्धत कित्येक दशके टिकली. ‘किलोसायकल’चे ‘किलोहर्ट्झ’ झाले तेव्हा फक्त नाव बदलले, आकडा तोच. आकडे हलले ते पुढे : १९७५ च्या जिनिव्हा योजनेनुसार नोव्हेंबर १९७८ पासून आशिया, युरोप, आफ्रिकेतली मध्यम लहरींची केंद्रे ९ च्या पटीत बसवली गेली. ताडून पाहा : ५५८ म्हणजे ९ × ६२, ७९२ म्हणजे ९ × ८८, ५८५ म्हणजे ९ × ६५. मध्यम लहरींवरच्या आपल्याकडच्या केंद्राचा आकडा ९ ने भागला जात नसेल, तर तो १९७८ पूर्वीचा असेल किंवा छपाईची चूक असेल.

वापराचे म्हणाल तर लघुलहरींवरचा ‘मीटर बँड’ म्हणजे पेठ आणि किलोहर्ट्झ म्हणजे घरक्रमांक. ३१ मीटरची पेठ साधारण ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झ, म्हणजे ३१.९ ते ३०.३ मीटर. या दीड-पावणेदोन मीटरमध्ये ५ किलोहर्ट्झच्या अंतराने शंभर केंद्रे बसतात. नुसते ‘३१ मीटरवर’ सांगून काटा नेमका लागत नाही. ‘७१९० किलोहर्ट्झ, ४१ मीटर बँड’ असे सांगितले की लागतो. ‘३१ मीटर फ्रीक्वेन्सी’ हा अलीकडे दिसणारा प्रयोग मात्र चूकच. मीटरमध्ये फ्रीक्वेन्सी नसते.

जुन्या डायलवर दोन्ही पट्ट्या उलट्या चढतात, हेही लक्षात ठेवावे. गँग कंडेन्सरची (केंद्र निवडताना बटणाबरोबर फिरणाऱ्या भागाची) पाती पूर्ण आत असली की ५५० मीटर, पूर्ण बाहेर आली की २०० च्या खाली. मीटरच्या पट्टीवर ‘पुढे सरकवा’ म्हणजे किलोहर्ट्झच्या पट्टीवर मागे.

आणि मीटर अगदीच निकामी झालेले नाहीत. तारेची लांबी त्यांच्यावरूनच काढतात. ३१ मीटर बँडसाठी अर्ध्या लहरीचा डायपोल (सरळ तारेचा अँटेना) बांधायचा तर साडेपंधरा मीटर नव्हे, तारेच्या टोकांच्या परिणामामुळे पाचेक टक्के कमी, म्हणजे पावणेपंधरा मीटर तार घ्यावी; मधोमध कापून तिथे केबल जोडावी. ५५८ किलोहर्ट्झसाठी पाव लहरीचा मनोरा १३४ मीटरचा होतो. एफएमच्या बाबतीत मात्र ‘३ मीटरवर लावा’ असे कोणी म्हणत नाही. आपल्याकडे ते १९७७ मध्ये मद्रासला सुरू झाले तेव्हा मेगाहर्ट्झ रुळले होते. हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, अजूनही ‘टू मीटर’वर बोलतात, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर.