सशाच्या पिल्लाला जुलाब होतायत, मेडिकलमधून जंताची गोळी आणून देऊ का?

नका देऊ. दोन महिन्यांचं पिल्लू, नुकतंच बाजारातून आणलेलं, पोट फुगलेलं, शी पातळ, अंगावर मांस धरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्याकडे बरीच वर्षं ससे आहेत, आणि या वयात हे दिसलं की मला आधी कॉक्सिडिओसिसची शंका येते. तो जंत नव्हेच. आयमेरिया हा एकपेशीय परजीवी आतड्याच्या अस्तरात वाढतो. त्याची एक जात यकृतातल्या पित्तनलिकांत घर करते. जंताच्या औषधाने त्याचं काही बिघडत नाही. शिवाय अल्बेंडाझोल या जंताच्या औषधामुळे सशांची अस्थिमज्जा निकामी होऊन ते दगावल्याची उदाहरणं आहेत.

आधी एक खात्री करा. ससा रोज काही मऊ, चिकट, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या टाकतो आणि त्या थेट गुदद्वारातूनच खातो. ते त्याचं पोषण आहे, त्याला जुलाब समजू नका. खरे जुलाब असतील तर शेपटीखालचे केस सतत बरबटलेले दिसतात.

ताजी शी स्वच्छ डबीत घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा सशांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे जा. सूक्ष्मदर्शकाखाली परजीवीची अंडी दिसली की डॉक्टर टोल्ट्राझुरिल किंवा सल्फा गटातलं औषध वजनावरून ठरवतात. कुत्र्यामांजरांसाठी आणलेलं अमॉक्सिसिलिन घरात असेल तर तेही पाजू नका, सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू त्याने मरतात आणि ससाही जातो.

औषधाइतकंच महत्त्व पिंजऱ्याच्या सफाईला. शीतून पडलेली अंडी लगेच रोग देत नाहीत, ओलसर उबेत ती तयार व्हायला एक-दोन दिवस तरी लागतात. म्हणून लेंड्या रोज काढायच्या, पावसाळ्यात तर हटकून. फिनाईलला ही अंडी दाद देत नाहीत. उकळतं पाणी ओतून पिंजरा कडक उन्हात वाळवा. चारा जमिनीवर न टाकता टांगून ठेवा. घरात दुसरा ससा असेल तर त्याचीही शी तपासा, कारण मोठे ससे धडधाकट दिसत असूनही अंडी टाकत राहतात.

लेंड्यांवर पांढऱ्या दोऱ्यासारखे बारीक किडे वळवळताना दिसले तर गोष्ट वेगळी. ते सशांचे सूतकृमी. फारसा त्रास देत नाहीत, माणसांना होत नाहीत. त्यावर फेनबेंडाझोल चालतं, पण डॉक्टरांना विचारूनच.

आणि पिल्लाने सकाळपासून चारा तोंडात घेतला नसेल, तर उद्यावर टाकू नका, आजच न्या.