फेरीबोटीचं इंटिरियर करायचंय, पण मला बोट लागते!

प्रश्न: ताई, मी इंटिरियर डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला प्रवासी फेरीबोटींच्या आतल्या रचनेचं काम करायचं आहे. कॉलेजात सगळे म्हणतात, हे इंजिनिअरांचं काम, तू हॉटेलं कर. बाबा म्हणतात, एवढंच वेड असेल तर हे सोड आणि पहिल्यापासून नेव्हल आर्किटेक्चर, म्हणजे जहाजं आखायचं इंजिनिअरिंग, कर. त्यात मला स्वतःला बोट लागते. या वाटेला जावं का? सोबत मी केलेलं फेरीच्या लाउंजचं एक डिझाइन पाठवतोय.

उत्तर: बोट लागते, हा मुद्दा आधी निकालात काढू. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय ज्यांचं पूर्ण निकामी असतं, त्यांनाच काय ती बोट अजिबात लागत नाही. बाकीच्यांत फरक कमी-जास्तीचा. तुझं बहुतेक काम टेबलावर आणि गोदीत उभ्या असलेल्या जहाजावर चालेल. समुद्री चाचणीला जावंच लागलं, तर आधी डॉक्टरांना विचारून गोळी घे. खरं सांगायचं तर, ज्याला कधीच मळमळलं नाही त्याच्यापेक्षा या कामात तू उजवा ठरशील.

आता तुझं लाउंज. चित्र देखणं आहे, पण ते हॉटेलचं आहे. सगळ्यात वरच्या डेकवर अगदी पुढे काचेची भिंत, तिला पाठ करून मांडलेले बुटके सोफे, लोंबते दिवे, संगमरवरी काउंटर आणि भिंतींना प्लायवूड. एकेक घेऊ.

जहाज लाटांवर नाक वर-खाली करतं ते साधारण मध्याजवळच्या आसावर. म्हणजे वर-खाली होणं टोकांना सर्वांत जास्त, मधे सर्वांत कमी. शिवाय जितकं वर जाशील तितका आडवा झोका मोठा. मळमळ सर्वांत जास्त होते ती संथ उभ्या हेलकाव्यांनी, साधारण 5 सेकंदांत एक या गतीच्या. 1970च्या दशकातल्या प्रयोगांत हे दिसलं आणि माणसाला बसणाऱ्या कंपनांबद्दलच्या आयएसओ 2631-1 या आंतरराष्ट्रीय मानकात मळमळ मोजताना याच पट्ट्यातल्या हालचालीला जास्त वजन दिलं जातं. तू लाउंज ठेवलंयस ते नेमकं सर्वांत वाईट जागी. तरीही मालक तुझ्याकडे तेच मागणार, कारण समोरचा देखावा तिकिटं खपवतो. मग सगळे लोक मधे बसवावेत? तिथे इंजिनाचं धुराडं वर जातं, जिने आणि लिफ्ट असतात, आणि मधल्या रांगा खिडकीपासून लांब पडतात. मागे जावं तर जहाज ढकलणाऱ्या पंख्यांची थरथर. अशा ओढाताणीतून नकाशा काढायचा, हेच या कामातलं खरं डिझाइन. मला विचारशील तर पुढचं लाउंज ठेव, पण ते लहान कर. ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी खालच्या डेकवर मधोमध, खिडकीशेजारी, पुढे तोंड करून बसायची जागा राख आणि ती पाटीवर ठळक दाखव. खाण्याच्या काउंटरची हवा तिकडे येऊ देऊ नकोस. मळमळणाऱ्या माणसाला तळणाचा वास पुरे होतो.

त्या बुटक्या सोफ्यांवर बसलेल्या माणसाला क्षितिज दिसणारच नाही. कान सांगतो हलतोय, डोळे सांगतात खोली स्थिर आहे; पोट बिघडतं ते या भांडणातून. म्हणून आसनाची उंची, पाठीची उंची आणि खिडकीची खालची कड या तिन्ही रेषा एकाच छेदात, म्हणजे खोली उभी कापल्यासारख्या चित्रात, काढून बघ. तुझ्या फाइलमध्ये असा एकही छेद नाही. लोंबते दिवे काढून टाक. ते डोलणं डोळ्यांसमोर आणतात आणि समुद्र खवळला की छतावर आपटतात.

संगमरवराचं दुखणं वेगळं. वरच्या डेकवर वजन चढलं की जहाजाचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि स्थिरता कमी होते. प्रवासी जहाजाचं रिकामं वजन जास्तीत जास्त 5 वर्षांच्या अंतराने पुन्हा तपासावंच लागतं, आणि ते मंजूर कागदपत्रांपेक्षा 2 टक्क्यांहून जास्त बदललेलं निघालं तर जहाज मुद्दाम कलवून स्थिरतेची चाचणी पुन्हा घ्यावी लागते. त्यामुळे दर चौरस मीटरला किती किलो, हा आकडा प्रत्येक वस्तूसमोर लिहायची सवय आजपासून लाव. वेगवान अॅल्युमिनियम कॅटमरानवर, म्हणजे दोन सांगाड्यांच्या बोटीवर, तर खुर्चीच्या वजनावरूनही हुज्जत चालते.

आगीच्या बाबतीत मी जरा कडक बोलणार आहे. 7 एप्रिल 1990च्या पहाटे ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ ही फेरी ऑस्लोहून फ्रेडरिक्सहावनला जात असताना पेटली आणि 159 माणसं गेली. मार्गिकांच्या भिंतींवरच्या सजावटीच्या मेलामाइन लॅमिनेटमधून विषारी वायू निघाला होता. पातळसा थर, कुणीतरी नमुन्यांच्या वहीतून निवडलेला. आज सोलास या समुद्रावरच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारातलं प्रकरण 2-2 आणि त्यासोबतचा एफटीपी कोड, म्हणजे आगीच्या चाचण्यांची नियमावली, ठरवतात की भिंतीचा मुलामा, पडदा, गादी, सोफ्याचं कापड कुठल्या चाचणीतून पास झालेलं हवं. भिंतीवर चिकटवलेल्या जळाऊ थरालाही दर चौरस मीटरला 45 मेगाज्यूल ही मर्यादा आहे. तुझं प्लायवूड या चाळणीत टिकणार नाही. हे नियम वाचायला रूक्ष आहेत, पण ज्याला ते पाठ आहेत त्याला नोकरी देताना कुणी पदवीची शाखा विचारत बसत नाही.

एक गृहपाठ देते. कुठल्याही फेरीचा जनरल अरेंजमेंट नकाशा, म्हणजे प्रत्येक डेकवर काय कुठे आहे ते दाखवणारा, मिळव. या धंद्यात त्याला जीए म्हणतात. त्यावर एका माणसाला चालव: उजव्या हातात गरम पेल्याचा ट्रे, जहाज डोलतंय, काउंटरपासून आसनापर्यंत जायचंय. डावा हात पावलोपावली कशाला धरेल ते पेन्सिलीने खुणाव. भिंतीचा कठडा कुठे तुटतो? आसनाच्या पाठीला धरायला कड आहे का? टेबलाला पेला न घसरण्याइतकी उंच किनार आहे का? टेबलाचा कोपरा मांडीत घुसेल का? खुर्ची डेकला बोल्टने आवळलेली आहे ना? मग तोच माणूस चाकाच्या खुर्चीत बसव आणि दाराच्या उंबऱ्याशी काय होतं ते पाहा. तुझ्या लाउंजमध्ये काउंटरपासून सोफ्यापर्यंत धरायला एकही गोष्ट नाही.

आता बाबांचं म्हणणं. नेव्हल आर्किटेक्चर उत्तम शाखा आहे, पण तिथे मुख्य विषय जहाजाचं कवच, पाण्याचा प्रतिरोध, प्रणोदन म्हणजे जहाज पुढे ढकलणं, आणि मजबुती हे. गणिताची गोडी असेल तर जरूर कर, मात्र तिसरं वर्ष सोडून नको. तुझ्या मूळ, लांब पत्रात गणिताचा उल्लेखही नाही, माणसं कशी बसतात याबद्दल मात्र अर्धं पान आहे. म्हणून माझा कल पदवी पूर्ण करून एर्गोनॉमिक्स किंवा ह्यूमन फॅक्टर्सच्या, म्हणजे माणसाच्या शरीराला आणि सवयींना सोयीची रचना शिकवणाऱ्या, पदव्युत्तर शिक्षणाकडे आहे. जोडीला जहाजाच्या स्थिरतेची तोंडओळख करून देणारा एखादा छोटा कोर्स कर.

पहिली नोकरी नामांकित जहाज-डिझाइन स्टुडिओत मिळेल या आशेवर राहू नकोस. असे स्टुडिओ जगभर मोजकेच आहेत आणि त्यांच्याकडे अर्जांची रीघ असते. शिपयार्डचा आउटफिटिंग विभाग, म्हणजे जहाजाच्या सांगाड्यात आतलं सामान बसवणारा, किंवा जहाजांचं इंटिरियर ठेक्यावर करून देणाऱ्या कंपन्या, हे दार जास्त उघडं आहे. तिथे नव्या जहाजांपेक्षा जुन्या फेऱ्यांच्या नूतनीकरणाची कामं हाताला लवकर लागतात. गर्दीचा मोसम संपला की जहाज काही आठवडे गोदीत येतं, तेवढ्यात जुनी आसनं काढून नवी बसवायची आणि ठरल्या तारखेला जहाज सोडायचं. धूळ, आवाज आणि रात्रपाळी यांची तयारी ठेव.

अर्जासोबत हे लाउंज पाठवू नकोस. वर सांगितलेला ट्रेचा नकाशा, एक छेद आणि किलोंचा तक्ता, एवढी तीनच पानं पाठव. बाबांनाही आधी तीच दाखव.