आपला एकही माणूस नसलेल्या कॉलेजच्या टीमसाठी पहाटे उठावंसं का वाटतं?

तुम्ही विचारलंय, अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेजची बास्केटबॉल टीम सीझनभर बघून भारतातल्या माणसाला मिळतं काय? मी कोल्हापूरचा. कनेक्टिकट विद्यापीठाचा, म्हणजे यूकॉनचा, २०२३-२४ चा सीझन मी जमेल तेवढा बघितलाय, म्हणून लिहितो.

माझा चुलतभाऊ तिथं एमएसला होता, त्यानं हे वेड लावलं. विद्यापीठाचं गाव स्टॉर्स, अगदी छोटं. अख्ख्या राज्यात एनबीएची, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, टीम नाही, त्यामुळं कॉलेजची पोरं हीच सगळ्यांची टीम. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पाटाकडील आणि दिलबहार या टीम समोरासमोर आल्या की पेठाच्या पेठा तिथं लोटतात. स्टॉर्सची गर्दी स्क्रीनवर बघितली आणि ती माणसं ओळखीची वाटली.

त्या सीझनला टीम ३७ मॅच जिंकली, ३ हरली. मला त्यातली हार जास्त आठवते. फेब्रुवारीत सलग १४ मॅच जिंकून पहिल्या नंबरवर असताना क्रेटन या दुसऱ्या विद्यापीठाच्या टीमनं ८५-६६ नं धुतलं. आपल्याकडं सकाळ होती. त्या दिवशी कामावर कुणाशी धड बोललो नाही. त्यानंतर मात्र ही पोरं एकही मॅच हरली नाहीत.

मार्चमधली मुख्य स्पर्धा ६८ टीमची, हरला तो घरी. कुस्तीच्या मैदानासारखं, पाठ टेकली की विषय संपला. इलिनॉयविरुद्धची मॅच पहाटे साडेतीनच्या पुढं सुरू झाली. घरातले झोपलेले, म्हणून आवाज बंद. २३-२३ अशी बरोबरी होती. तिथून यूकॉननं ओळीनं ३० पॉइंट केले, समोरच्याला एकही नाही! सात फूट दोन इंचांचा डोनोव्हन क्लिंगन बास्केटखाली हात वर करून उभा. इलिनॉयची पोरं आत घुसायची, त्याचा हात दिसला की शॉट वाकडा जायचा. ५३-२३ झाल्यावर मी अंधारात उभाच राहिलो होतो.

आणखी एक गोष्ट. अशी टीम एका सीझनपुरतीच असते. स्टीफन कॅसल पहिल्याच वर्षाचा पोरगा, तो आणि क्लिंगन त्याच उन्हाळ्यात एनबीएत गेले. ट्रिस्टन न्यूटन आणि कॅम स्पेन्सरचं कॉलेज संपलं. असं होणार हे आधीपासून दिसत होतं, म्हणून एकेक मॅच चुकवू नये असं वाटायचं.

फायनल ९ एप्रिल २०२४, आपल्या घड्याळात सकाळी सातच्या सुमारास. त्या दिवशी गुढीपाडवा! आई बाहेरून हाका मारतेय, "आरं, काठी धर की आधी, मॅच कुठं पळून जात न्हाई." काठी धरली, साडी नेसवली, गाठी आणि कडुनिंब बांधला, तांब्या चढवला आणि परत आत पळालो.

समोर पर्ड्यूचा झॅक ईडी, सात फूट चार इंच. कोच डॅन हर्लीचा डाव बघण्यासारखा होता. ईडीशी बहुतेक वेळ क्लिंगनला एकट्याला झुंजू द्यायचं, बाकीच्यांनी बाहेरून शॉट मारणाऱ्यांना चिकटून राहायचं. ईडीनं ३७ पॉइंट केले, पण बाकीच्या सगळ्या टीमला मिळून २३. लांबून तीन पॉइंटचा शॉट पर्ड्यूला मॅचभर एकच बसला. यूकॉन ७५-६०, सलग दुसरं विजेतेपद.

भावाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं मध्यरात्र होत आलेली, मागं नुसता आरडाओरडा, त्याचा आवाज पार बसलेला. मी फोन तसाच बाहेर नेला आणि त्याला गुढी दाखवली. तो म्हणाला, "थांब, जरा आईला दे फोन."