प्रकल्प झाला नसता तर

नागपूर

सप्रेम आशीर्वाद.

रस्ते आणि मेट्रो प्रकल्पांच्या आर्थिक मूल्यमापनाचे काम तुझ्याकडे आल्याचे कळले आणि तू पाठवलेला पहिला मसुदाही वाचून झाला. त्यात समृद्धी महामार्गापूर्वीचे आणि नंतरचे आकडे शेजारीशेजारी मांडून दोहोंतला फरक तू महामार्गाचा लाभ म्हणून धरला आहेस. खरी तुलना 'आधी' आणि 'नंतर' यांची नसून 'प्रकल्प झाला तर' आणि 'झाला नसता तर' यांची असते. नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या नोकऱ्या, बुटीबोरीचे कारखाने, शहराची वाढ यांतले बरेचसे महामार्गावाचूनही घडले असते आणि जे घडणारच होते त्याचे श्रेय रस्त्याला देता येत नाही. जुन्या रस्त्याची डागडुजी होत राहिली असती, त्यावर गर्दी वाढली असती, काही माल रेल्वेकडे वळला असता. हे न घडलेले चित्रही तितक्याच काळजीने काढावे लागते.

नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरचा प्रवास 16 तासांऐवजी 8 तासांत, हे वाक्य तू साऱ्या हिशेबाचा पाया केले आहेस. पण ते 8 तास वाचतात ते टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्याचेच. वर्ध्याहून जालन्याला जाणाऱ्याची बचत निराळी, आणि ज्याच्या शेताला लागून महामार्ग गेला पण चढण्याची वाट दूर राहिली त्याची बचत जवळजवळ शून्य. शिवाय रस्ता झाला म्हणूनच जो प्रवासाला निघाला, त्याच्या नावावर सरासरी निम्मीच बचत धरतात, कारण अशांपैकी कोणी थोड्याशा सोयीने बाहेर पडलेला असतो, तर कोणी पूर्ण सोय झाल्यावरच.

वाचलेल्या वेळेची किंमत काय, हे मला कोष्टकांपेक्षा एका पहाटेने अधिक शिकवले. काटोलहून कळमन्याच्या बाजारात संत्री आणणाऱ्या टेम्पोत मी चालकाशेजारी बसलो होतो. रस्ता सुधारल्यामुळे आम्ही अर्धा तास आधी पोचलो, तेव्हा हमाल शेकोटीभोवती बसलेले होते, अडत्या यायचा होता, आणि चालकाने तो अर्धा तास स्टिअरिंगवर डोके टेकून झोपेत घालवला. लिलाव ठरल्या वेळीच झाला आणि भाव तोच मिळाला. परतताना मात्र त्याने सांगितले की पूर्वी रेल्वे फाटकात अडकून लिलाव हुकला की माल उतरत्या भावाने द्यावा लागे. म्हणजे लाभ होता, पण तो मिनिटांत नसून वेळेच्या खात्रीत होता, आणि तुझ्या मसुद्यात त्या खात्रीसाठी एकही रकाना नाही.

माझ्या पहिल्या अहवालात मी प्रवाशांचा वाचलेला वेळ आणि रस्त्यालगतच्या जमिनींची भाववाढ यांची बेरीज केली होती. माझ्या वरिष्ठांनी विचारले की हा भाव वाढला कशामुळे? लोकांचा वेळ वाचतो म्हणूनच ना? एकच रुपया मी दोनदा मोजला होता. वर्धा रोडवरच्या फ्लॅटच्या किमतींचे तुझे प्रकरण त्याच वाटेने चालले आहे. जुन्या मुंबई रस्त्यावरच्या ज्या ढाब्यांचे गिऱ्हाईक समृद्धीवर गेले, त्यांचा तोटा नव्या पेट्रोलपंपांच्या नफ्यासमोर न मांडता निव्वळ नफा दाखवणे हीदेखील तशीच चूक ठरेल.

अपघातांच्या रकान्यात 'घट' असे गृहीत धरू नकोस. 1 जुलै 2023 रोजी समृद्धीवरच सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या बसला आग लागून 25 प्रवासी मृत्युमुखी पडले. त्या रकान्यातले चिन्ह अधिक की उणे, हे नोंदींवरूनच ठरू दे.

मेट्रोबाबत एवढेच, की 2017 च्या केंद्रीय धोरणानुसार आर्थिक परताव्याचा दर, म्हणजे गुंतवणुकीवर साऱ्या समाजाला मिळणाऱ्या लाभाचा वार्षिक दर, किमान 14 टक्के दिसावा लागतो, आणि तो आकडा गाठण्यासाठी प्रवासीसंख्या फुगवण्याचा मोह सर्वांत आधी होतो. जगभरातल्या रेल्वे प्रकल्पांचा अनुभव हाच आहे की प्रत्यक्ष प्रवासी पुष्कळदा अंदाजाच्या निम्म्याच्या आसपास राहिले. म्हणून प्रवासी निम्मेच आले तर परतावा किती उरतो, हे गणित परिशिष्टात न ढकलता पहिल्याच पानावर दे.

पुढचा मसुदा लिहिण्यापूर्वी आठवडाभर सकाळी सीताबर्डीच्या स्थानकावर उभे राहून उतरणाऱ्यांना विचार की मेट्रो नसती तर ते आज कसे आले असते. ऑटो, स्कूटर, शहर बस, की आलेच नसते, असे चार रकाने आखून ती वही मसुद्यासोबत माझ्याकडे पाठव.

तुझा हितचिंतक