सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या इतकी कमी का? तिथे कोणी राहत नाही का? मग एवढासा जिल्हा वेगळा ठेवायची गरज काय?

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याआधी बांदा-दोडामार्गाकडच्या माणसाला जिल्ह्याच्या कचेरीत काम निघालं की थेट रत्नागिरी गाठावी लागायची. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. एसटीने धक्के खात जायचं, मुक्काम करायचा, आणि साहेब दौऱ्यावर असले की हात हलवत परत. शिवाय 'एवढासा' कशावरून? जिल्ह्याचं क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर. गोवा अख्खं राज्य असून ३,७०२. माणसं मात्र २०११ ला गोव्यात साडेचौदा लाख आणि आमच्याकडे ८,४९,६५१. दहा वर्षांपूर्वी आम्ही ८,६८,८२५ होतो, म्हणजे वाढणं सोडाच, घटलो. राज्यात सगळ्यात कमी लोकसंख्या आमचीच. पण सगळ्यात विरळ आम्ही नाही. गडचिरोलीत चौरस किलोमीटरला ७४ माणसं, आमच्याकडे १६३.

'कोणी राहत नाही का' हे मात्र झोंबलं. मी प्राथमिक शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. २०११ च्या जनगणनेत प्रगणक म्हणून माझ्याच गावच्या वाड्या माझ्या वाट्याला आल्या होत्या. त्यामुळे या साडेआठ लाखांतली काही माणसं मी स्वतः मोजलेली आहेत.

९ ते २८ फेब्रुवारी अशी मोजणीची मुदत होती. आमच्याकडे गाव म्हणजे घाटावरच्यासारखं एका जागी दाटलेलं नसतं. एक वाडी खाली व्हाळाकाठी, दुसरी सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळाच्या माळाच्या कडेला, तिसरी पार डोंगराच्या कुशीत, आणि घराघरांत कुंपणं, काजू, माड. दिवसभर चालून हातात मोजकेच फॉर्म भरलेले. घरं भरपूर, पण कित्येक दारांना कुलूप, आणि कुलपाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, पावसात गंजू नये म्हणून. पिशवी नवी दिसली की समजायचं, चाकरमानी गणपतीला येऊन गेलेत. जुनी, फाटकी असली तर त्या घरात आता गणपतीही येत नाही.

आमचं मूळ घर मला मोजायला दिलेल्या वाड्यांतच. चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं, चार भावांत वाटलेलं. वाटलेलं म्हणजे तोंडी. कागदावर नाही. आतल्या खोल्यांना ज्याची त्याची कुलपं, आणि माझी थोरली काकी पडवी नि एक खोली वापरून एकटी राहायची. मी गेलो त्या दिवशी तिचा मुलगा, माझा चुलत दादा, डोंबिवलीहून आलेला होता. काकीचं नाव लिहून मी पुढची माहिती विचारायला लागलो तर हा म्हणाला, "माझा पण नाव लिही. बायको-पोरांची पण लिही."

म्हटलं, "दादा, तू डोंबिवलीत मोजलो जातलस."

"घरपट्टी मी भरतंय आणि गावात मी नाय?"

काय सांगणार? नियम साधा होता. नेहमीचं राहणं जिथे, मोजणी तिथे. घरपट्टीचा, सातबाऱ्याचा, मानाच्या नारळाचा संबंध नाही. माणूस रोज सकाळी जिथे दात घासतो, तिथला तो. काकीचं एकच नाव लिहून मी उठलो. त्यावर दादा पुढच्या गणपतीत आरतीला जमलेल्या सगळ्या भावकीसमोर म्हणाला, की मास्तराने आमची नावं गावातून पुसली. मास्तराने पुसली! वीस वर्षं गणपती आणि मे महिना सोडून न फिरकणाऱ्याने हे बोलावं.

त्या वर्षी शिमगा मोजणी संपल्यावर, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आला. शिमग्यात मोजलं असतं तर दृश्य वेगळं दिसलं असतं, पण आकडा तोच आला असता. आणि तेच बरोबर आहे.

कारणं म्हणाल तर जमीनच आहे तशी. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली पट्टी अरुंद. गड, कर्ली, तेरेखोल या नद्या घाटातून उतरतात न उतरतात तोच खाडीला मिळतात. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, आंबोलीत तर त्याच्याही दुपटीवर, पण जांभ्या दगडात पाणी थांबत नाही. एप्रिलमध्ये विहिरी तळ दाखवतात. भाताचे मळे खाली चिंचोळे, वर नुसता सडा. एवढ्यावर चार भावांची कुटुंबं कधीच भागली नाहीत, म्हणून एक गावात आणि तीन गिरणीत. फरक नंतर पडला. पूर्वी पुरुष जायचे, बायका-पोरं राहायची. २००१ ला हजार पुरुषांमागे १,०७९ बायका होत्या, २०११ ला १,०३६. मला त्यातून दिसतं ते असं, की आता सगळं बिऱ्हाडच उठतं. पटाअभावी आमच्या शाळेचा एकेक वर्ग कसा रिकामा झाला, ते मी पाहिलंय.

पण जमिनीला दोष देऊन मोकळं होणाऱ्यांशी माझं पटत नाही. जे गावात राहिलेत त्यांना तरी काही करता येतं का? आमच्या सड्यावरच्या जागेत मला काजूची कलमं लावायची होती. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राची कलमं चांगली धरतात, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. कर्जासाठी बँकेत गेलो तर सातबाऱ्यावर नावांची ही लांबलचक रांग, त्यात निम्मे मयत, वारस लागलेले नाहीत. सगळ्यांच्या संमतीशिवाय कर्ज नाही. दादाला फोन केला तर, "बघूया गणपतीत." गणपतीत विचारलं तर, "सणाक ह्यो विषय कित्याक?"

तेव्हा तुम्ही, किंवा हे वाचणारा कुणीही, मुंबई-पुण्यात असाल आणि सातबाऱ्यावर नाव असेल, तर गावाच्या लोकसंख्येची काळजी करण्याआधी वारसनोंद करून घ्या. मग एकतर वाटप करा, नाहीतर हक्कसोडपत्र द्या. सगळे राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून वाटप होतं, त्याला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

आता दोन गोष्टी राहिल्या. सगळे चाकरमानी दादासारखे नाहीत. आमच्या शाळेची कौलं मुंबईच्या मंडळानेच बदलली आणि एके काळी मनीऑर्डर आली नाही तर चूल पेटत नसे. दुसरं, २०२१ ला जनगणना झालीच नाही, त्यामुळे वरचे आकडे जुने आहेत. दरम्यान महामार्ग रुंद झाला, चिपीला २०२१ मध्ये विमानतळ झाला. देवगडकडच्या हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं राहतात, म्हणजे माणसं इथे येतातही. घाटावरचे लोक सडेच्या सडे विकत घेतायत, ते राहायला येतील का हे वेगळं.

वाटपाचा अर्ज मी लिहून ठेवलाय. माझ्या बाजूच्या सह्या झाल्या, ठाण्याच्या आणि पुण्याच्याही आल्या. फक्त डोंबिवलीची बाकी आहे, आणि हे उत्तर मी त्याला पाठवणार आहे.