भाऊंना विचारा : ढोल नाही, तरी ठोका

प्रश्न : भाऊ, नमस्कार. मी आरमोरी तालुक्यातला, आयटीआयला आहे. गावच्या भजनमंडळात खंजेरी वाजवतो. मोबाइलवर फिनलंडच्या अपोकॅलिप्टिका बँडचे पहिले दोन अल्बम ऐकले. पहिला एका बैठकीत आवडला. दुसरा तुकड्यातुकड्यांचा वाटला. मित्र म्हणतो, हे सिंफनिक ग्रूव्ह मेटल आहे अन् दुसराच खरा. ढोल नाही, गाणारा नाही, मग छातीत ठोका बसतो कसा? आणि दोघांत सरस कोणता?

उत्तर : बाबू, तुझं पत्र आलं तेव्हा आमच्याकडे उन्हाळी धानाला पाणी देणं सुरू होतं. त्या आठवड्यात शेतीची लाइन रात्रीची. मोटर चालू करायची अन् बांधावर बसून राहायचं. दोन्ही अल्बम तिथेच ऐकले, एका कानात वायर घालून. दुसरा कान मोटरीकडे ठेवावा लागतो, पाणी तुटलं की तिचा आवाज बदलतो.

आधी तुझ्या मित्राचं बघू. मेटल म्हणजे कर्कश गिटारी अन् जोरकस ढोलांचं रॉक संगीत, अन् सिंफनिक म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाचं. दुसऱ्या अल्बमचं नाव ‘इन्क्विझिशन सिंफनी’, पण त्यात वाद्यवृंद नाही. चार चेलो आहेत, बस. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, गुडघ्यांत धरून वाजवायचा. हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत शास्त्रशुद्ध शिकणाऱ्या पोरांनी १९९३ साली हा बँड काढला. ग्रूव्ह मेटल म्हणजे धावण्यापेक्षा जड पावलानं चालणारं, एकच चाल घोटून घोटून मान हलवायला लावणारं मेटल. अमेरिकेचा पँटेरा अन् ब्राझीलचा सेपल्टुरा हे त्यातले मोठे बँड. या दोघांच्या चाली पहिल्या अल्बममध्ये नाहीत, दुसऱ्यात आहेत. म्हणजे मित्र अर्धा बरोबर.

पहिला, १९९६चा, आठ चालींचा. आठही मेटालिका या अमेरिकी मेटल बँडच्या, त्यातल्या चार तर त्यांच्या १९९१च्या एकाच अल्बममधल्या. तुला तो एका बैठकीत आवडला त्याचं कारण हेच. घर एकच आहे, खोल्या बदलतात. दुसरा १९९८चा, अकरा चालींचा : मेटालिकाच्या चार, सेपल्टुराच्या दोन, पँटेरा अन् फेथ नो मोअर या बँडची एकेक, आणि तीन चेलोवादक एइक्का टोपिनेनच्या स्वतःच्या. तुकडे वाटणारच.

आता ठोक्याचं. मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकात बरीच वर्षं व्हायोलिन वाजवलं. एका मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, आमचा तबलजी वाटेत टायर फुटून अडकला. पहिला अंक कसाबसा ऑर्गनवर निभावला. दुसऱ्या अंकात तलवारीची लढाई! ऑर्गनवाले मास्तर तिकडून दबक्या आवाजात ओरडले, ‘गज दाब रे, गज दाब!’ गज म्हणजे तारांवर घासायची केसांची काठी. मी तो मुठीजवळ धरला, जाड तारेवर आडवा टाकला आणि ओढायच्या ऐवजी चावल्यासारखा तोडत गेलो. खर्, खर्, ख-खर्. तारेवर पकड यावी म्हणून गजाच्या केसांना राळ लावतात, तिची पांढरी भुकटी काळ्या पँटवर सांडली. गजाचे चार केस तुटून लोंबायला लागले. पण स्टेजवरच्या पोरांच्या तलवारी त्यावर बरोबर पडत होत्या अन् समोर लोकं शिट्ट्या मारत होते. तबलजी पोचला तेव्हा लढाई संपली होती. त्याला चहा पाजला, पण मनातून थोडा राग होताच.

हेच ते चौघं करतात, फक्त माझ्यासारखं घाबरून नाही. चेलोची खालची तार खर्जात जाते अन् त्याच वाद्यावर वर गेलं की माणसाच्या गळ्यासारखा आवाज निघतो. म्हणून एक जण गाणाऱ्याची जागा घेतो, बाकीचे खाली गिटारीचं काम ओढतात. तू खंजेरीवर थाप मारून बोट लगेच दाबतोस ना? न दाबता वाजवून बघ, नुसता गलका होतो. गजाचंही तसंच. आवाज काढण्यापेक्षा तो जागच्या जागी थांबवणं अवघड, आणि ठोका त्या थांबण्यात आहे.

पहिल्या अल्बममध्ये हे जमलंय, पण तिथे त्यांची अर्धी मेहनत ‘बघा, चेलोवर हेही निघतं’ हे दाखवण्यात जाते. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ऐकताना मला त्यांची बोटंच दिसत राहतात. दुसऱ्यात सेपल्टुराचं ‘रिफ्यूज/रेझिस्ट’ ऐक. मूळ गाणं सगळं ढोलाच्या जिवावर उभं. ढोल काढला तर उरणार काय? इथे जे उरलंय ते रोवणीच्या चिखलातून पाय उपसल्यासारखं आहे, हळू अन् वजनाचं. मला तर मुळापेक्षा जवळचं वाटलं. पँटेराच्या ‘डॉमिनेशन’मध्ये मात्र फसले, माझ्या मते. त्या गाण्याच्या शेवटी चाल एकदम जड होते. मूळ गाण्यात तिथे ढोल हातोड्यासारखे पडतात, गजानं तेवढं वजन येत नाही. पुढे २००३च्या ‘रिफ्लेक्शन्स’मध्ये काही चालींवर स्लेयर या मेटल बँडचा डेव्ह लोम्बार्डो ढोलावर बसला. ती गरज इथेच दिसायला लागते.

आणि ‘हार्मागेडन’. दुसऱ्या अल्बमची पहिलीच चाल, टोपिनेनची स्वतःची. इथे मूळ गाण्याशी ताडून बघायची सोयच नाही. त्या रात्री मी ती लागोपाठ तीनदा ऐकली अन् तिसऱ्यांदा मोटर कोरडी फिरत होती ते लक्षातच आलं नाही. धावत जाऊन बंद केली.

सरस कोणता? दुसरा. खाचाखळग्यांसकट. पहिला आधी ऐकलास हे मात्र बरं केलंस.

प्रश्न : गजाला राळ रोज लावावी का? (सिंदेवाहीच्या वाचक ताई)

उत्तर : ताई, रोज दोन तास वाजवत असाल तर चार-पाच हात फिरवा, पुरे. आवाज घसरायला लागला की लावायची, भुकटी उडायला लागली की हात थांबवायचा. वाजवून झालं की तारा सुक्या कापडानं पुसा आणि गजाचा स्क्रू सैल करून ठेवा. केसांना बोट लावू नका, घाम अन् तेल बसलं की राळ धरत नाही.