वहीतलं व्हाइटनर

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी काय खावं, हे या सदरात मागे लिहिलं होतं. त्यावर ‘काय खाऊ?’ असं विचारणारी पत्रं थोडी आली, ‘खाल्लं, आता काय करू?’ अशी ढीगभर. त्यातली सहा घेते. नावं गाळली आहेत.

स्लीव्ह ऑपरेशनची तारीख पक्की झाल्यापासून मी सुटलेच आहे. आमरस-पुरी झाली, पुरणपोळी झाली, माहेरी जाऊन वांग्याचं भरीत आणि तीन भाकऱ्या झाल्या. ‘आता पुन्हा कुठे खायला मिळणार’ असं म्हणत सगळेच वाढतात. तीन आठवड्यांत साडेतीन किलो वाढले. आधी मी खाते, मग रात्रभर मन मला खातं. डॉक्टर ऑपरेशन रद्द करतील का? (गृहिणी, वय ४१, बार्शी)

आमच्या ओपीडीत याला आम्ही आपसांत ‘निरोपाचं जेवण’ म्हणतो, आणि ते बहुतेकांचं होतं. कोणाचं मिसळीचं, कोणाचं बिर्याणीचं. तारीख मिळाली की माणूस सगळ्या आवडत्या पदार्थांना भेटून यायला निघतो.

पण निरोप कसला घेताय? तुम्ही स्लीव्ह शस्त्रक्रियेचं लिहिलंय. त्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात आणि नळीसारखं जे जठर उरतं त्यात साधारण १०० ते १५० मिली मावतं, म्हणजे चहाचा एक कप. सुरुवातीला पातळ, मग मऊ, मग हळूहळू घरचं जेवण, असं करत दीडदोन महिन्यांत तुम्ही पुन्हा ताटावर बसाल. पुढच्या होळीला पुरणपोळी असेल. चतकोर असेल, तुपाची धार बेताची असेल, आणि आधी थोडं घट्ट दही किंवा पनीर खाऊन मग असेल, पण असेल. ज्यांचं जठराचं बायपास होतं, म्हणजे बरंचसं जठर वगळून अन्न थेट आतड्यात नेतात, त्यांनी गोडाला जरा जपून राहावं. साखर भसकन आतड्यात उतरली की घाम, धडधड, जुलाब असा प्रकार होतो. तेव्हा ‘शेवटचं’ हा शब्द तेवढा घरातून काढून टाका. वाढणाऱ्यांच्या तोंडूनही.

आता किलोंचं. डॉक्टरांना तुमच्या आकड्याचा राग येणार नाही, त्यांना काळजी असते लिव्हरची. लिव्हरचा डावा भाग जठरावर झाकणासारखा पसरलेला असतो. दुर्बिणीतून काम करताना तो उचलून धरावा लागतो. चरबीने भरलेलं लिव्हर जड, फुगीर असतं, उचलताना फाटून रक्त येऊ शकतं आणि खालचं जठर धड दिसत नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधी दोन ते चार आठवडे ८०० ते १००० कॅलरींचा, भरपूर प्रथिनांचा आणि कमी पिठूळ, म्हणजे पोळी-भात-बटाटा कमी असलेला, आहार देतात. लिव्हरमध्ये साठलेली साखर आणि तिच्यासोबतचं पाणी आधी उतरतं, मग चरबी. दोन आठवड्यांतही फरक पडतो. तो आहार म्हणजे तुम्ही आधी केलेल्या पापाचं प्रायश्चित्त नव्हे, सर्जनला हात घालायला जागा करून देणं आहे.

उद्या सकाळी फोन करून जे मला लिहिलंत तेच त्यांना सांगा. तारीख आठवडाभर पुढे गेली तर जाऊ दे. आणि भरपाई म्हणून आज रात्री उपाशी झोपू नका.

तिसऱ्याच दिवशी मी हरलो. प्रोटीन पावडर, सूप आणि ताकावर होतो. दुपारी चारला हात थरथरायला लागले, शर्ट घामाने भिजला. ऑफिसात कोणाच्या तरी वाढदिवसाचे पेढे होते, ते उभ्याउभ्या चार खाल्ले. दहा मिनिटांत बरं वाटलं. बायकोला सांगितलेलं नाही. इच्छाशक्ती एवढी कच्ची असेल तर ऑपरेशनचा उपयोग काय? मधुमेह ११ वर्षं, गोळ्या ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन. (वय ५४, नाशिक)

यांना पत्र आलं त्याच दिवशी उत्तर पाठवलं. इथे छापते ते यांच्यासारख्या बाकीच्यांसाठी.

काका, तुम्ही हरला नाहीत. तुमची साखर उतरली होती आणि पेढ्यांनी तुम्हाला सावरलं. ग्लिमेपिराइड तुम्ही पोळी-भात खाताय असं धरून काम करते. जेवण निम्म्याहून कमी केलंत, गोळी तेवढीच राहिली, तर चार वाजता हे होणारच. अशा आहारात ही गोळी किंवा इन्सुलिन किती कमी करायचं, की बंदच करायचं, हे डॉक्टर पहिल्या दिवसाआधी ठरवून देतात. तुमच्या बाबतीत ते राहून गेलं असावं. तुम्ही पेढे लपवलेत, म्हणजे ही चूक दुरुस्त करायची संधीही लपवलीत.

तिसऱ्या गोळीबद्दल मला जास्त धास्ती वाटली. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या घेत असताना पिठूळ पदार्थ एकदम कमी केले तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि फसवी गोष्ट अशी की त्या वेळी साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं यातलं काही झालं तर घरी थांबायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं. शस्त्रक्रियेआधी या गोळ्या किमान तीन-चार दिवस बंद ठेवतात, आणि असा आहार सुरू करताना बरेचदा तेव्हापासूनच. आपल्या मनाने काही थांबवू नका, पण डॉक्टरांना फोन आजच.

पुन्हा थरथर झाली तर आधी ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र जवळ नसेल, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, १५ मिनिटांनी परत तपासायचं. पेढ्यात तूप-खवा असतो, त्यामुळे साखर चढायला वेळ लागतो. आणि हो, बायकोला सांगा. पुढच्या वेळी तुम्ही बेशुद्ध पडलात तर काय झालंय ते तिला कळायला हवं.

सहा महिने आहाराची वही लिहिते आहे. सकाळी एक भाकरी, दुपारी दोन पोळ्या, रात्री वाटीभर भात. वहीत कुठे काही चुकत नाही तरी वजन हलत नाही. सासूबाई म्हणतात, तुझी हाडंच जड. आहारतज्ज्ञ माझ्याकडे संशयाने बघतात. मी खोटारडी आहे का? (शिक्षिका, वय ३८, कोल्हापूर)

मुळीच नाही. पण माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई यायच्या. त्यांच्या वहीत मला एका ओळीत ‘बेसन लाडू २’ दिसलं आणि मी लाल पेनने त्याला गोल करून दोन उद्गारचिन्हं काढली. पुढच्या वेळी वही आली ती नेटकी, सुवाच्य. फक्त चार-पाच ठिकाणी कागद जाड लागत होता. उजेडात धरला तर व्हाइटनरच्या खाली ‘चिवडा’, ‘श्रीखंड’, आणि एका जागी नुसतं ‘उरलेलं’. त्या नंतर आल्या नाहीत. तेव्हापासून मी लाल पेन ठेवत नाही.

तो ‘उरलेलं’ शब्द मात्र माझ्या कामाला आला. घरातल्या बाईच्या वहीत सगळ्यात कमी लिहिली जाणारी गोष्ट ती. मुलाच्या डब्यात परत आलेली अर्धी पोळी, कढईच्या कडेला राहिलेली भाजी, कुकरच्या तळाचा भात. ओट्यापाशी उभ्याने खाल्लेलं जेवण आपण जेवण मानतच नाही. ‘अन्न टाकू नये’ हे आपल्या अंगात मुरलेलं आहे, आणि ते चांगलंच आहे. पण मग आधी कमी शिजवा, मुलाला अर्धीच पोळी द्या, उरलेलं झाकून फ्रिजमध्ये ठेवा. कुकरचा तळ साफ करायचं काम तुमच्या पोटाकडे कोणी सोपवलेलं नाही. शस्त्रक्रियेनंतर तर भरल्या जठरात गेलेला एक जादा घास छातीत कळ आणतो, उलटी काढतो. ताटात दोन घास सोडून उठायची सवय आत्ताच करा. सुरुवातीला फार जड जातं.

चहाही मोजा. शाळेतले धरून दिवसाचे पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम, साधारण २०० कॅलरी. दूध वेगळं.

आणि वहीत किती खाल्लं याच्या शेजारी आणखी दोन रकाने पाडा: किती वाजता, आणि बसून की उभ्याने. चांगलं-वाईट असा रकाना नको. तुमच्या आहारतज्ज्ञांचा चेहरा वही बघताना बदलत असेल तर त्यांना हे सदर दाखवा.

मी रात्री एक-दीडला ऑर्डर करतो. दोन बर्गर, फ्राइज, वर आइस्क्रीम. पोट दुखेपर्यंत खातो, मग खोके काळ्या पिशवीत बांधून सोसायटीच्या मागच्या कचऱ्यात टाकतो, रूममेटला दिसू नयेत म्हणून. आठवड्यातून तीनदा तरी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काही खात नाही. सर्जनने मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलंय. तिथे हे सांगितलं तर नापास करतील. आणि जठरच लहान झालं की हे आपोआप थांबेल ना? (आयटी, वय २९, पुणे)

आधी शेवटच्या प्रश्नाचं: नाही. एका बैठकीत दोन बर्गर जाणार नाहीत, इतकंच. पण वेफर्स, आइस्क्रीम, मिल्कशेक हे लहान जठरातूनही सुरसुर उतरतं, थोडं थोडं करत रात्रभर चालू शकतं, आणि उतरलेलं वजन अशानेच परत चढतं. काहींचं खाणं सुटतं आणि ती जागा दारू घेते. बायपासनंतर, आणि स्लीव्हनंतरही, दारू लवकर आणि जास्त चढते.

तुम्ही जे वर्णन केलंय, थोड्या वेळात खूप खाणं, हात आवरता न येणं, एकट्याने, नंतर स्वतःचीच किळस, ते आठवड्यातून एकदा असं तीन महिने चाललं तरी त्याला वैद्यकात नाव आहे: बिंज इटिंग डिसऑर्डर. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, बोलण्याचे आणि काहींना औषधांचेही. मानसोपचारतज्ज्ञांसमोर तुम्ही परीक्षेला बसत नाही. हे सांगितलं म्हणून शस्त्रक्रिया नाकारली असं क्वचित होतं. काही महिने थांबा, आधी हे आटोक्यात आणू, असं मात्र म्हणू शकतात आणि ते ऐकावं. खाऊन मुद्दाम उलटी काढत असाल, तर तेही सांगा.

आता संध्याकाळपर्यंतच्या उपाशीपणाबद्दल. तुम्ही त्याला शिक्षा समजता. माझ्या मते रात्रीच्या ऑर्डरची सुरुवात तिथेच होते. दिवसभर रिकामं पोट, दहा तास स्क्रीन, मग एक वाजता मेंदू काकडी मागणार आहे का? सकाळी नऊच्या आत काहीतरी प्रथिनांचं खा: दोन अंडी, किंवा मुगाचं धिरडं आणि दही. आदल्या रात्री काहीही झालेलं असलं तरी. दुपारी जेवा, पाचला मूठभर फुटाणे आणि ताक. अ‍ॅपमधून कार्डचा नंबर काढून टाका, रात्री दीडला १६ आकडे टाइप करायचा कंटाळा कधीकधी कामी येतो. आणि ज्या रात्री खाऊन झाल्यावर फारच काळोख वाटेल तेव्हा सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठीतूनही बोलतात.

खोके एकदा तरी घरातल्याच डस्टबिनमध्ये टाकून बघा. रूममेट काय म्हणतो ते मला कळवा.

ऑपरेशनआधीच्या पंधरा दिवसांत आषाढी येते. एकादशी मोडायचं पाप नको. साबुदाण्याची खिचडी थोडीशी चालेल? (वय ६०, पंढरपूर)

चालणार नाही, मावशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर दाण्याचं कूट आणि तूप. ‘एकादशी दुप्पट खाशी’ उगाच म्हणत नाहीत. दूध, ताक, दही, पनीर उपासाला चालतं आणि दुधापासून केलेली व्हे पावडरही, त्यामुळे तुमचा डाएट हाच उपास समजा. निर्जळी मात्र करायची नाही. विठोबा सूट देईल, लिव्हर देणार नाही.

बायकोचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. ती चोरून खाते. मी डबे तपासतो, मला कळतं. बोललो तर रडते, गप्प बसलो तर मला चैन पडत नाही. काय करावं? (वय ४५, चिपळूण)

डबे तपासणं आजपासून बंद. तुम्ही डबा उघडून बघता म्हणून ती आता डब्यातलं खात नसेल, पर्समधलं खात असेल.

फक्त एका रात्री गप्प बसू नका, शस्त्रक्रियेच्या आदल्या. भूल देताना पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं, आणि ते जिवावर बेततं. साधारणपणे घट्ट अन्न किमान सहा तास आधी आणि पाणी दोन तास आधी बंद असतं. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत अनेक ठिकाणी आदला दिवसभर पातळच देतात, तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ खरी. वजन कमी करण्याची इंजेक्शनं चालू असतील तर पोट हळू रिकामं होतं, तेही त्यांना सांगा. ही गोष्ट तिला आत्ताच, शांतपणे सांगून ठेवा: ‘त्या रात्री काही खाल्लंस तर मला उठव. मी एक शब्द बोलणार नाही, फक्त डॉक्टरांना कळवू.’ आणि खरंच एक शब्द बोलू नका.

बाकी, तिच्यासोबत जेवायला बसा आणि तिच्याइतकंच सावकाश जेवा. आधी उसळ, अंडं, मासा, मग भाजी, भात सगळ्यात शेवटी. लहान चमचा, एक घास वीसेक वेळा चावून, जेवण वीस मिनिटांचं. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. तिला ही सवय ऑपरेशननंतर जन्मभर लागणार आहे आणि आपल्याकडे ताटाशेजारी तांब्या हा असतोच. तो उचलून ओट्यावर ठेवायचं काम तुमच्याकडे.